स्वस्त स्मार्टफोन घ्यावा का? दीड वर्षानंतरचा फोन डोळ्यांसमोर आणून ठरवा

मी मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर बसते, बारा वर्षं झाली. समोर भिंग, हातात चिमटा, आणि टेबलापलीकडून हमखास येणारा प्रश्न: "ताई, नवीन घ्यायचा तर कुठला घेऊ? फार महाग नको हं." पूर्वी मी झटकन एखादं नाव सांगून मोकळी व्हायचे. आता आधी उलट प्रश्न विचारते, कारण असाच झटपट सल्ला मी एकदा माझ्या आईला दिला होता आणि तो मला पुढे दीड वर्ष पुरला.

आईला पहिला स्मार्टफोन हवा होता. मी म्हटलं, हिला काय करायचंय? कॉल घेणार, नातवाचे फोटो बघणार, गाणी ऐकणार. २ जीबी रॅम (उघडी ॲप्स धरून ठेवणारी मेमरी), ३२ जीबी स्टोरेज, सगळ्यांत खालचं मॉडेल. पहिले चार-पाच महिने झकास गेले. मग फोन जड होत गेला. कॉल आला की घंटी वाजायची, पण पडद्यावर हिरवं बटण उमटायला दोन सेकंद जायचे. आई त्यावर बोट टेकवायची. काही हलायचं नाही, म्हणून पुन्हा टेकवायची. तोवर तिचा पहिला स्पर्श फोनला पोचलेला असायचा, कॉल उचलला जायचा, आणि दुसरा स्पर्श नेमका पडायचा म्यूटच्या बटणावर. इकडे मी "हॅलो, हॅलो" करतेय, तिकडे आई म्हणतेय, "हिला माझं ऐकूच येत नाही." आठवड्यातून तीनदा तरी हे व्हायचं, आणि दर वेळी आईला वाटायचं की आपलंच काहीतरी चुकलं.

गंमत म्हणजे तोच फोन माझ्या हातात बऱ्यापैकी चालायचा. बटण दाबलं की थांबायचं, मागचं ॲप बंद करायचं, मग पुढचं उघडायचं, हे मला सवयीने येत होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की "शिकाऊ माणसाला साधा फोन पुरे" हे आपण अगदी उलटं धरून चाललोय. मंद फोनला सांभाळून घ्यायला फोन कळणारा माणूस लागतो. ज्याला कळतं तो त्याच्याकडून वर्षानुवर्षं काम काढून घेतो. ज्याला नाही कळत, त्याला तोच फोन रोज रडवतो. म्हणून माझा पहिला उलट प्रश्न असतो: कोणासाठी घेताय?

हातातला फोन आधी उघडून बघा

नव्याचं बघण्याआधी सध्याच्या फोनची सेटिंग उघडा आणि स्टोरेजमध्ये जा. तिथे फोटो, व्हिडिओ, ॲप्स आणि सिस्टीम यांनी किती जागा खाल्लीय ते वेगवेगळं दिसतं. बहुतेक लोक हे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टेबलावर बघतात आणि चमकतात. "मी तर काहीच ठेवत नाही" म्हणणाऱ्या एका बाईंच्या फोनमध्ये मेसेजच्या ॲपने एकट्याने ११ जीबी अडवले होते. सगळे गटांमधून आपोआप उतरलेले शुभसकाळचे फोटो आणि तोच व्हिडिओ पाच-पाच वेळा.

आता त्या आकड्यात सिस्टीमचे मिळवा. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टीम आणि आधीच भरलेली ॲप्स मिळून १२ ते १८ जीबी सहज जातात. ३२ जीबीच्या फोनमध्ये तुमच्या वाट्याला पंधरा-वीस उरले. त्यातली ॲप्स दर अपडेटला फुगतात. म्हणजे सुरुवातीलाच अर्धं घर भरलेलं, आणि उरलेलं वर्षभरात. तुमची आजची गरज तीस जीबी असेल तर ६४ हा तळाचा आकडा धरा, आणि फोन तीन वर्षं वापरायचा असेल तर १२८.

मग डिजिटल वेलबीइंगमध्ये जाऊन दिवसाला कुठलं ॲप किती वेळ चालतं ते बघा. कॉल आणि मेसेजच असतील तर एक हिशोब, दिवसभर नकाशा लावून सामान पोचवायचं काम असेल तर दुसरा, आणि ऑनलाइन वर्गांसाठी असेल तर तिसरा. कागदावर दोन ओळी लिहा. फोन बघायला गेल्यावर कॅमेऱ्याच्या चार भिंगांपुढे माणूस घरून काय ठरवून आलाय हे विसरतो, म्हणून कागद.

काही दोषांची सवय होते, काहींची होत नाही

स्वस्त फोनमध्ये कंपनीने कुठेतरी कात्री चालवलेली असणारच. ती चालवली ही तक्रार नाही, कुठे चालवली हे बघायचं.

पडद्याचं घ्या. खालच्या फोनचा पडदा बहुतेक वेळा ७२० गुणिले १६०० बिंदूंचा, एलसीडी. साडेसहा इंचांवर ते इंचाला साधारण २७० बिंदू भरतात. वरच्या फोनमध्ये १०८० गुणिले २४०० असले की तेच ४०५ होतात. दोन फोन शेजारी ठेवले तर बारीक अक्षरांच्या कडा पहिल्यावर किंचित दातेरी दिसतील. पण दुसरा फोन समोरून उचलला की आठवड्याभरात डोळे विसरतात. शिवाय कमी बिंदू म्हणजे बॅटरीवर आणि प्रोसेसरवर कमी भार. या दोषाचा अर्धा फायदाच आहे. उजेडाचं मात्र तसं नाही. भर उन्हात पडदा दिसत नसेल तर त्याची सवय कधीच होत नाही, हाताचा आडोसा करून वाचत बसावं लागतं.

मागचं प्लास्टिक पाहून लोक नाक मुरडतात. माझ्याकडे काचेच्या पाठीचे महाग फोन तडा जाऊन येतात, प्लास्टिकचे ओरखडे घेऊन येतात आणि तसेच परत जातात. उघडायलाही सोपे. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये चार्जिंगचा जॅक वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो. तो खराब झाला की बोर्ड बदलला, काम झालं. ३.५ मिमीचा हेडफोन जॅक आणि मेमरी कार्डाची जागा तर आता उलट स्वस्त फोनमध्येच सापडते. ज्याच्याकडे जुने तारवाले हेडफोन आहेत त्याच्यासाठी ही खरोखरच कमाई आहे.

बॅटरी हा या वर्गाचा सगळ्यांत मोठा गुण. ५००० एमएएच, त्यात कमी बिंदूंचा पडदा आणि कमी ताकदीची चिप. साध्या वापरात दीड-दोन दिवस चार्जिंगला हात लावावा लागत नाही. फोनची बॅटरी साधारण ५०० ते ८०० पूर्ण चार्ज झेलते आणि मग मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज चार्ज होणाऱ्या फोनचे हे चक्र दीड-दोन वर्षांत भरतात. दोन दिवसांनी चार्ज होणाऱ्याचे तीन-चार वर्षांत. चार्ज व्हायला मात्र वेळ लागतो. ५००० एमएएच म्हणजे जवळपास १९ वॅट-तास, चार्जर १० वॅटचा, वाटेत थोडं उष्णतेत जातं. अडीच ते तीन तास धरून चाला. रात्री लावून झोपणाऱ्याला काय फरक पडतो? दुपारी अर्ध्या तासात बाहेर पडायचंय अशा माणसाला पडतो.

आता ज्यांची सवय होत नाही त्यांच्याकडे येते.

पहिलं, स्टोरेजची जात. आकड्याबद्दल बोललो, पण जात कोणी विचारत नाही. खालच्या फोनमध्ये ईएमएमसी प्रकारची चिप असते, जरा वर गेलं की यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एकच करते, वाचते किंवा लिहिते. यूएफएस दोन्ही एकदम करते. ईएमएमसी ५.१ चा वाचनवेग सेकंदाला साधारण २५० ते ३०० एमबी, यूएफएस २.२ चा त्याच्या तिप्पट किंवा जास्त. हा फरक पहिल्या दिवशी जाणवत नाही, कारण फोन रिकामा असतो. वर्षभराने पाठीमागे चार ॲप्स अपडेट होत असताना तुम्ही गॅलरी उघडता, तेव्हा ती चिप लिहिण्यात गुंतलेली असते आणि तुमचे फोटो करडे चौकोन होऊन वाट बघत बसतात. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर आणखीच वाईट, कारण नवीन लिहायला जागा करण्यासाठी चिपला आधी जुनं इकडचं तिकडे हलवावं लागतं. लोक म्हणतात "फोनला व्हायरस लागलाय." दहातल्या आठ वेळा तो व्हायरस म्हणजे भरलेली ईएमएमसी असते.

दुसरं, रॅम. २०१७ मध्ये अँड्रॉइडची गो नावाची हलकी आवृत्ती आली ती ५१२ एमबी ते १ जीबी रॅमच्या फोनसाठी. अँड्रॉइड १३ पर्यंत येता येता या 'गो' आवृत्तीलाच किमान २ जीबी लागू लागली. म्हणजे २ जीबी हा आता हलक्या आवृत्तीचासुद्धा उंबरठा आहे, त्यावर आरामाची अपेक्षा करू नका. माझ्या मते ४ जीबी हा आजचा तळ. ३ जीबी फक्त त्याने घ्यावा जो एका वेळी एकच ॲप उघडतो आणि ते त्याला खरंच जमतं.

तिसरं, सुरक्षा अपडेट. गूगल २०१५ पासून ठरावीक काळाने अँड्रॉइडच्या सुरक्षेची दुरुस्ती प्रसिद्ध करतं. ती तुमच्या फोनपर्यंत पोचवणं कंपनीच्या हातात. स्वस्त फोनला ती तीन-तीन महिन्यांनी मिळते, आणि कित्येकदा दोन वर्षांनी बंद होते. अलीकडे काही कंपन्या खालच्या फोनलाही चार वर्षं किंवा त्याहून जास्त देऊ लागल्यात, तेव्हा हा आकडा आवर्जून शोधा. आणि एक मेख: ही वर्षं बहुतेकदा फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नव्हे. दीड वर्षापूर्वीचं मॉडेल सवलतीत घेतलंत तर दोनातलं दीड वर्ष आधीच खर्च झालेलं असतं. ज्या फोनवर बँकेचं ॲप चालणार आहे त्यासाठी मी ही गोष्ट कॅमेऱ्याच्या कितीतरी वर ठेवते.

आणि एक, जे फक्त दुरुस्तीवाल्यांना दिसतं. पूर्वी बोर्ड मेलेल्या फोनमधून मेमरीची चिप उचलून फोटो काढता यायचे. अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो. स्वस्त फोनच्या प्रोसेसरला हे जड जाऊ नये म्हणून गूगलने २०१९ मध्ये ॲडियँटम नावाची हलकी पद्धतही काढली. चोराच्या हाती काही लागत नाही, हे चांगलंच. पण फोन मेला तर माझ्याही हाती लागत नाही. मागच्या वर्षी एक आजोबा बंद पडलेला फोन घेऊन आले, आत पत्नीचे शेवटचे व्हिडिओ होते. ईएमएमसी गेली होती. मी दोन तास प्रयत्न केला आणि मग हात टेकले. तेव्हापासून स्वस्त फोन घेणाऱ्या प्रत्येकाला मी बॅकअपचं सांगते, ऐकणारा कंटाळला तरी.

खोक्यावरचं वाचायचं कसं

"८ जीबी रॅम" असं मोठ्या अक्षरात असेल तर आधी बाजूची चांदणी शोधा. खाली बारीक अक्षरात "४ + ४" लिहिलेलं असतं. दुसरे ४ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले. म्हणजे खरी रॅम भरली की फोन तिथला माल त्या मंद ईएमएमसीवर नेऊन ठेवणार आणि लागेल तेव्हा परत आणणार. त्याने ॲप बंद पडायचं थोडं टळतं, वेग वाढत नाही. मनातल्या मनात अधिकच्या चिन्हापुढचं खोडून टाका.

"ऑक्टाकोर" म्हणजे प्रोसेसरच्या चिपमध्ये काम करणारे आठ गाभे. पण कुठले आठ? काही स्वस्त चिपमध्ये आठही कॉर्टेक्स ए५३ असतात. हा गाभा २०१२ मध्ये जाहीर झालेला, काटकसरीसाठी बनवलेला. हेलिओ जी३६ हा प्रोसेसर या जातीचा. हेलिओ जी८५ किंवा युनिसॉक टी६०६ मध्ये दोन गाभे कॉर्टेक्स ए७५ चे असतात आणि सहा छोटे. बटण दाबल्यावर पडदा किती लवकर उघडतो हे त्या दोन मोठ्या गाभ्यांवर अवलंबून असतं. आठ पोरं मिळून पेटी उचलत नाहीत, तिथे दोन दांडगे गडी लागतात. चिपचं नाव शोधून त्यात ए७५, ए७६ किंवा त्यापुढचं काही दिसलं तर पुढे बघा. आठही ए५३ असतील आणि फोन आईवडिलांसाठी असेल, तर मी तो परत ठेवते.

"५० मेगापिक्सल" खोटं नसतं, पण तुम्हाला मिळणारा फोटो चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सलचाच असतो. तेही ठीक. उन्हात काढलेले फोटो आता स्वस्त फोनचेही छान येतात. खरा घोळ पाठीवरच्या बाकीच्या भिंगांचा. दोन मेगापिक्सलचं मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचं, तरी भिंग म्हणायचं. काहींमध्ये ०.०८ मेगापिक्सलचं असतं, म्हणजे ३२० गुणिले २४०, जेमतेम ७६,८०० बिंदू. मी अशा फोनमधलं ते भिंग उघडून बाजूला ठेवलं आणि फोटो काढला. काही म्हणजे काही फरक पडला नाही. भिंगं मोजू नका.

"१५ वॅट सपोर्ट" असेल तर खोक्यात चार्जर किती वॅटचा आहे, मुळात आहे का, ते बघा. आणि टाइप-सी आहे ना? मायक्रो यूएसबीचा जॅक उलटसुलट घालून वाकवलेले इतके बदललेत की आता मोजत नाही.

५जीबद्दल सगळे विचारतात. या किमतीच्या वर्गात ५जीची चिप बसवायची तर तो खर्च कंपनी दुसरीकडून वसूल करते, पडद्यातून किंवा स्टोरेजमधून. घरात वायफाय असणाऱ्या माणसाला चांगला ४जी फोन जास्त सुख देतो. घाईगर्दीच्या भागात राहत असाल आणि फोन चार वर्षं ठेवायचा असेल तर उलट विचार करा.

खोक्यावर जे नसतं तेही वाचायला हवं. दिशा ओळखणारा कंपास, म्हणजे मॅग्नेटोमीटर, आणि फोन कसा वळतोय ते ओळखणारा जायरोस्कोप हे खालच्या फोनमध्ये गुपचूप गाळतात. सामान पोचवण्याचं काम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला, म्हणाला, नकाशा बिघडलाय, जीपीएस बदलून द्या. जीपीएस ठणठणीत होतं, निळा ठिपका बरोबर जागी होता. पण कंपासच नव्हता, म्हणून उभ्या जागी तोंड कुठे आहे हे फोनला कळत नव्हतं. तो दर चौकात वीस पावलं चालून बघायचा, ठिपका कुठे सरकतो ते. दिवसाला चाळीस पत्ते. त्याला मी कुठला भाग बदलून देणार?

हातात घेतल्यावर दहा मिनिटं

मांडून ठेवलेला फोन रिकामा असतो, म्हणून तो पळणारच. त्याला थोडं दमवा. कॅमेरा उघडा, फोटो काढा, लगेच गॅलरीत जा, परत कॅमेऱ्यात या, हे पाच वेळा. चौथ्या-पाचव्या वेळी फोन अडखळला तर घरी काय होणार ते कळलं. कीबोर्ड मराठीत करून दोन जोडाक्षरांचं वाक्य भराभर टाइप करा. अक्षरं बोटांमागून येत असतील तर ती कायम मागूनच येतील. कॉल चालू ठेवून नकाशा उघडा. नकाशा उघडून जागेवर उभं राहून गोल फिरा, ठिपक्याचा निळा पंखा तुमच्याबरोबर फिरतो का बघा. दाराशी जाऊन उन्हात पडदा वाचा. ज्याच्यासाठी घेताय तो माणूस बरोबर असेल तर हे सगळं त्याला करू द्या, तुम्ही हात मागे बांधा. मी आईच्या वेळी हे केलं असतं तर ती दोन मिनिटांत म्हणाली असती, "हा ऐकत नाही गं माझं."

सेटिंगमध्ये फोनबद्दलच्या पानावर जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख वाचा. नवाकोरा फोन आणि तारीख सहा-आठ महिने जुनी, तर पुढेही तसंच चालणार. बोटाचा ठसा घेणारं बटण आहे का तेही बघा. साध्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालणारं चेहऱ्याचं कुलूप कच्चं असतं आणि बँकेची ॲप्स ते सहसा मानत नाहीत.

जुना चांगला की नवा स्वस्त

तेवढ्याच पैशात दोन-तीन वर्षं जुना, पण वरच्या वर्गातला फोन मिळतो. माझ्या धंद्याला धरून मी "जुना घ्या" म्हणेन असं लोकांना वाटतं. माझं उत्तर अर्धं-अर्धं आहे. त्या फोनची चिप, स्टोरेज, कॅमेरा सगळं नव्या स्वस्त फोनला झोपवतं. पण बॅटरी थकलेली असते, ती बदलायचा खर्च आधीच किमतीत धरा. एकदा उघडलेल्या फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं राहत नाही. पडदा फुटला तर वरच्या वर्गातल्या फोनचा महाग ओएलईडी पडदा टाकण्यात नव्या स्वस्त फोनचे अर्धेअधिक पैसे जातात. आणि अपडेट किती दिवस उरलेत ते बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. निदान दोन वर्षं उरली असतील, बॅटरी नवी टाकून मिळत असेल आणि परत करायची मुदत असेल, तर जुना घ्या. फोन सारखा पाडणाऱ्या माणसाला नवा, प्लास्टिकचा, एलसीडीवाला द्या.

पैशाचा हिशोब मी महिन्यावर काढते. किंमत भागिले तो किती महिने विनातक्रार चालेल. सगळ्यांत खालचा फोन अठरा महिन्यांत जीव खायला लागतो, आणि त्याच्या दीडपट किमतीचा, ६ जीबी आणि १२८ जीबी यूएफएसवाला, चाळीस महिने निघतो. भागाकार केला की दुसराच स्वस्त पडतो. पण हा भागाकार दर वेळी लागू नाही. हरवायचा संभव असेल, कामावर धुळीत-पाण्यात वापरायचा असेल, किंवा फक्त दुसरं सिम आणि कॉलसाठी हवा असेल, तर चाळीस महिन्यांचा विचार कशाला? तिथे सगळ्यांत खालचा फोन बिनदिक्कत घ्यावा.

घेतलात तर पहिल्या आठवड्यात

सगळ्यांत आधी मेसेजच्या ॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. एवढं एक केलं तरी फोनचं आयुष्य काही महिन्यांनी वाढतं. न मागता भरून दिलेले खेळ आणि दुकानं काढून टाका. जी निघत नाहीत ती डिसेबल करा. मेमरी कार्ड घालून कॅमेऱ्याला सांगा की फोटो तिकडेच ठेव, पण ॲप्स कार्डावर हलवू नका, कार्ड ईएमएमसीपेक्षाही मंद असतं. स्टोरेजचा पाचवा हिस्सा कायम मोकळा राहील असं बघा. फोटोंचा बॅकअप लावा. कार्ड हा बॅकअप नव्हे, तेही मरतं.

थोडी धिटाई असेल तर बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे ॲनिमेशनचे तीन आकडे असतात, ते १ वरून ०.५ करा. फोन खरा वेगवान होत नाही, पण उघडझाप करताना तो जे नखरे करतो ते निम्मे होतात. बाकी कशाला हात लावू नका. आणि परत करायची मुदत असेल तर फोन कपाटात ठेवून वाट बघू नका. पहिल्याच दिवशी सगळे संपर्क, ॲप्स, फोटो त्यात टाका आणि जुना फोन बंद करा. काय खुपतंय ते चार दिवसांत कळतं.

आईकडे आता माझा जुना फोन आहे, ६ जीबीचा, बॅटरी मी नवी टाकलेली. म्यूटचं बटण कुठे असतं हे तिला आता आठवतही नाही. तो २ जीबीवाला रीसेट करून मी टेबलावर ठेवलाय. गिऱ्हाइकांची सिम तपासायला वापरते, बाकी वेळ त्याच्यावर रेडिओ चालू असतो. चार्जिंग चार दिवस पुरतं.